पॉप बँडची चित्रप्रतिमा आणि तरुण प्रेक्षकांचा अलिखित करार (१९६४–१९९०)

१

तरुण श्रोत्यांच्या मनात पॉप-संगीताच्या एखाद्या बँडची जी प्रतिमा ठसते, ती घडविण्याचे कार्य मुख्यत्वे संगीत-चित्रफीत करते, ही गोष्ट आता वादातीत मानली जाते. १ ऑगस्ट १९८१ रोजी अमेरिकेत एम. टी. व्ही. ही चित्रफितींना वाहिलेली दूरचित्रवाणी-वाहिनी सुरू झाली आणि पॉप-संगीत हे ऐकण्याइतकेच पाहण्याचेही झाले ते तेव्हापासून, असा कालविभागही रूढ झाला आहे. या दोन समजुतींच्या जोडीला बहुधा एक तिसरी समजूत असते. ती अशी की, प्रतिमा व्यवसायचालकांनी बनवावयाची, चित्रफितीने ती पसरवावयाची आणि कोवळ्या वयाच्या प्रेक्षकांनी ती निमूटपणे स्वीकारावयाची. या समजुतीत बँडमधील वादक बाहुल्यांसारखे आणि प्रेक्षक केवळ गिऱ्हाइकांसारखे वावरतात. दोघांनाही स्वतःची अशी इच्छा उरत नाही.

ऐतिहासिक पुरावा पाहता हे चित्र एकांगी ठरते. बँडची चित्रप्रतिमा घडविण्याची बहुतेक सर्व तंत्रे एम. टी. व्ही. च्या पूर्वी पंधरा वर्षे, म्हणजे १९६४ ते १९६८ या अल्प काळात सिद्ध झाली होती. त्या काळातील प्रसिद्धिपट हे प्रथमतः बँडच्या अनुपस्थितीवर काढलेला तोडगा म्हणून जन्मास आले. बँड जेथे जाऊ शकत नव्हता तेथे त्याची छबी पाठविली जाऊ लागली. पण शरीरापासून छबी अलग होताच एक नवा प्रश्न उभा राहिला : ही छबी कोणाची? वादकांची, त्यांच्या चालकांची, की ती मनात बाळगणाऱ्या प्रेक्षकांची? या प्रश्नाचे उत्तर तरुण प्रेक्षकांनी एका अटीच्या रूपाने दिले, आणि ती अट त्यांनी कधी शब्दांत मांडली नसली तरी तिचा भंग झाला तेव्हा तिचे अस्तित्व स्पष्टपणे दिसून आले. त्या अटीस येथे अलिखित करार असे म्हटले आहे. बीटल्स आणि मंकीज या दोन बँडांच्या उदाहरणांवरून या कराराचे स्वरूप तपासणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

२

गाणे चित्रित करून दाखविण्याची कल्पना १९६४ साली नवी नव्हती. १९४० ते १९४६ या काळात अमेरिकेतील उपाहारगृहांतून व मद्यगृहांतून ‘पॅनोरम’ नावाची यंत्रे बसविलेली असत. त्यांत नाणे टाकले की ‘साउंडीज’ या नावाने ओळखला जाणारा एका गाण्याचा लघुपट पाहावयास मिळे. १९६० च्या सुमारास फ्रान्समध्ये ‘स्कोपिटोन’ हे त्याच जातीचे रंगीत यंत्र प्रचारात आले. भारतात तर १९३५ च्या ‘धूपछाँव’पासून पार्श्वगायनाची प्रथा पडली आणि चित्रित गीत हा हिंदी व मराठी बोलपटाचा कणा बनला. तथापि या सर्व प्रकारांत चित्र हे गाण्यासाठी किंवा कथेसाठी होते. एक गाणे संपले की त्याचे चित्रही संपले. अनेक गाण्यांतून, अनेक प्रसंगांतून तीच ती माणसे पुन्हा पुन्हा भेटावीत आणि त्यांच्या स्वभावांची ओळख हीच गाण्याइतकी विक्रेय वस्तू व्हावी, हा प्रकार बीटल्सपासून सुरू झाला.

या प्रतिमेचा पाया चित्रपटाच्या आधीच घातला गेला होता. लिव्हरपूल शहरातील ध्वनिमुद्रिकांच्या दुकानाचा चालक ब्रायन एप्स्टाइन याने ९ नोव्हेंबर १९६१ रोजी तेथील कॅव्हर्न क्लबात या बँडचे वादन प्रथम ऐकले. पुढे व्यवस्थापक झाल्यावर त्याने त्यांची चामड्याची जाकिटे उतरवून त्यांना एकसारखे सूट घालावयास लावले आणि गाणे संपल्यावर लवून अभिवादन करण्याची शिस्त लावली. येथवरचे कार्य जुन्या रंगभूमीच्या परंपरेतलेच होते. त्याने चौघांना एकसारखे केले. त्यांना पुन्हा एकमेकांपासून वेगळे करण्याचे काम कॅमेऱ्याने केले. ९ फेब्रुवारी १९६४ रोजी न्यू यॉर्कमधील एड सलिव्हन याच्या दूरचित्रवाणी-कार्यक्रमात बीटल्स आले आणि सुमारे ७ कोटी ३० लाख प्रेक्षकांनी त्यांना पाहिले. एका गाण्याच्या वेळी कॅमेरा प्रत्येकाच्या चेहऱ्याजवळ गेला आणि पडद्यावर त्याचे नाव उमटले. जॉन लेननच्या नावाखाली तर तो विवाहित असल्याबद्दल मुलींची क्षमा मागणारी एक मिस्कील ओळही होती. ध्वनिमुद्रिका एक सांघिक आवाज देत होती. कॅमेऱ्याने त्या आवाजाचे चार तरुणांत विभाजन केले, आणि प्रत्येक प्रेक्षकाला त्यांतील एकाची निवड करण्याची मुभा दिली.

‘अ हार्ड डेज नाइट’ या चित्रपटाने ही निवड पक्की केली. ६ जुलै १९६४ रोजी लंडनमध्ये प्रथम दाखविला गेलेला हा कृष्णधवल चित्रपट अल्प खर्चात व घाईने तयार झाला होता. युनायटेड आर्टिस्ट्स या कंपनीचा त्यामागील हेतू उघड व्यापारी होता : चित्रपटाच्या निमित्ताने त्यातील गीतांच्या ध्वनिमुद्रिकेचे हक्क तिला मिळणार होते. चित्रपट हे निमित्त आणि तबकडी हे उद्दिष्ट, अशी ही व्यवस्था होती. असे असूनही दिग्दर्शक रिचर्ड लेस्टर आणि पटकथालेखक ॲलन ओवेन यांच्या हातून जे निर्माण झाले ते निव्वळ जाहिरातीच्या पलीकडे गेले. ओवेनने १९६३ च्या नोव्हेंबरमध्ये चौघांबरोबर आयर्लंडच्या दौऱ्यात काही दिवस काढले, त्यांची बोलण्याची ढब टिपली आणि तिच्यावरून चार पात्रे रचली : लेनन तिरकस, पॉल मॅकार्टनी लाघवी, जॉर्ज हॅरिसन मितभाषी व कोरडा विनोद करणारा, रिंगो स्टार एकाकी व केविलवाणा. ते नट नव्हते हे ओळखून त्यांना तुटक, एकेका ओळीचे संवाद देण्यात आले. ही पात्रे खोटी नव्हती, पण ती त्या माणसांची पूर्ण रूपेही नव्हती. पुढील कित्येक वर्षे त्या चौघांना जगाने याच चार साच्यांतून पाहिले.

लेस्टरच्या शैलीचे एक मूळ महाराष्ट्राशी दूरान्वयाने जोडलेले आहे, हे येथे नमूद करण्यासारखे आहे. १९५९ साली त्याने पीटर सेलर्स आणि स्पाइक मिलिगन यांच्यासह एक अकरा मिनिटांचा विक्षिप्त, धावपळीचा लघुपट काढला होता. मिलिगन हा अहमदनगर येथे (२०२४ पासून अहिल्यानगर) १९१८ साली जन्मलेला आणि बालपणाचा काही काळ पुण्यास घालविलेला विनोदकार होय. ब्रिटिश नभोवाणीवरील त्याच्या ‘गून शो’चे बीटल्स हे, विशेषतः लेनन, भक्त होते. ‘अ हार्ड डेज नाइट’मधील ‘कान्ट बाय मी लव्ह’ या गीताचा प्रसंग त्याच लघुपटाच्या वळणाचा आहे. या प्रसंगी चौघे स्टुडिओच्या कोंडवाड्यातून निसटून मोकळ्या मैदानात येतात व उड्या मारतात. गाणे चालू असते, परंतु पडद्यावर कोणीही गात नसते. ओठांची हालचाल आणि आवाज यांची गाठ येथे प्रथमच निर्धास्तपणे सोडली गेली. गाण्याने बँडचे वादन दाखविण्याऐवजी बँडची वृत्ती दाखवावी, हे पुढील साऱ्या संगीत-चित्रफितींचे सूत्र येथे सापडते. या स्वातंत्र्याच्या प्रसंगातही एक विसंगती दडलेली आहे. त्याच्या चित्रणाच्या काही भागात लेनन हजरच नव्हता. तो आपल्या पुस्तकानिमित्त आयोजित केलेल्या मेजवानीस गेला होता. चौघांच्या अभंग मैत्रीचे ते चित्र पूर्ण करण्यासाठी चौघांचीही उपस्थिती अनिवार्य ठरली नाही.

चित्रपटाच्या अखेरच्या भागात संगीतसभा आहे. तेथे कॅमेरा जितका वेळ वादकांवर राहतो, जवळजवळ तितकाच समोरच्या किंचाळणाऱ्या, रडणाऱ्या मुलामुलींच्या चेहऱ्यांवरही राहतो. प्रेक्षक हा प्रतिमेचा केवळ ग्राहक नसून तिचा एक घटक आहे, हे या योजनेने मान्य केले. चित्रपट पाहणाऱ्या तरुणांना पडद्यावर बँड दिसला आणि आपण स्वतःही दिसलो. बँडचा चाहता कसा असतो, त्याने काय करावयाचे असते, याचे शिक्षणही त्याबरोबर मिळाले.

३

१९६५ पर्यंत बीटल्सची मागणी इतकी वाढली की, प्रत्येक देशातील प्रत्येक दूरचित्रवाणी-कार्यक्रमात जातीने उपस्थित राहणे अशक्य झाले. यावर उपाय म्हणून २३ नोव्हेंबर १९६५ रोजी लंडननजीकच्या ट्विकनहॅम स्टुडिओत एकाच दिवसात, पाच गाण्यांचे मिळून दहा प्रसिद्धिपट तयार करण्यात आले. जो मॅक्ग्रा याने दिग्दर्शित केलेले हे लघुपट निरनिराळ्या देशांतील दूरचित्रवाणी-केंद्रांना पुरविण्यासाठी होते. त्यांचे स्वरूप लक्षणीय आहे. ‘आय फील फाइन’ या गीतात रिंगो ड्रम वाजविण्याऐवजी व्यायामाची सायकल चालवीत बसला आहे आणि हॅरिसन मुष्टियुद्धाच्या सरावाच्या चेंडूसमोर तोंड करून गातो आहे. ‘हेल्प!’मध्ये रिंगोच्या हाती छत्री आहे. हे सारे कंटाळ्याचे चाळे आहेत असे वरवर वाटते. परंतु त्यांत एक प्रामाणिकपणा होता. गाणे आधीच मुद्रित झालेले आहे आणि येथे चालू आहे तो केवळ आविर्भाव, हे लपविण्याचा प्रयत्नच त्यांनी केला नाही. फसवणूक उघडी केली की ती फसवणूक राहत नाही, ती थट्टा होते. आणि थट्टेत प्रेक्षकही सहभागी होऊ शकतो.

१९६६ च्या मे महिन्यात ‘पेपरबॅक रायटर’ आणि ‘रेन’ या गीतांसाठी मायकेल लिंडसे-हॉग याने प्रसिद्धिपट केले. त्यांतील काही स्टुडिओत आणि काही लंडनच्या चिझिक हाऊसच्या उद्यानात चित्रित झाले. उद्यानातील पुतळ्यांमध्ये बसलेल्या, फिरणाऱ्या या चौघांच्या विद्युत्-गिटारींना विजेची जोडणी कोठेच नाही. ५ जून रोजी एड सलिव्हनच्या कार्यक्रमात हे लघुपट दाखविण्यात आले. सव्वादोन वर्षांपूर्वी ज्या कार्यक्रमासाठी त्यांना अटलांटिक ओलांडावा लागला होता, त्याच कार्यक्रमात आता त्यांची केवळ छबी हजर होती. त्याच वर्षी २९ ऑगस्टला सॅन फ्रान्सिस्को येथे त्यांची शेवटची सशुल्क सभा झाली. त्यानंतर त्यांनी दौरे थांबविले. यापुढे बहुसंख्य प्रेक्षकांच्या दृष्टीने बीटल्स म्हणजे त्यांची ध्वनिमुद्रिका आणि त्यांची चित्रे, एवढेच उरले.

शरीराआधी छबी पोहोचते याचा प्रत्यय भारतातही आला. मुंबईत दूरचित्रवाणीचे केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. म्हणजे १९६५–६६ साली येथील तरुणांना हे प्रसिद्धिपट पाहावयास मिळण्याचा संभव नव्हता. तरीही १९६५ च्या ‘जानवर’ या हिंदी चित्रपटात बीटल्सच्या केशरचनेचे टोप घातलेले वादक रंगमंचावर दिसतात आणि त्यांच्या एका गाजलेल्या गीताची चालही ऐकू येते. चार झुलपे एवढ्या खुणेवरून मुंबईचा प्रेक्षक तो निर्देश ओळखील, ही निर्मात्यांची खात्री होती. जुलै १९६६ मध्ये फिलिपीन्सहून परतताना बीटल्स दिल्लीस उतरले, तेव्हा विमानतळावर चाहते जमलेले होते. त्याच वर्षी सप्टेंबरात हॅरिसन रविशंकर यांच्याकडे सतार शिकण्यासाठी मुंबईस आला. त्याने मिशा वाढविल्या होत्या; तरीही तो ओळखला गेला आणि ताजमहाल हॉटेलासमोर तरुणांची गर्दी झाली. ज्या शहरात बँडने कधी एक सूरही वाजविला नव्हता तेथे त्याच्या एका सभासदाला शांतपणे राहता येईना. अखेर गुरुशिष्यांनी काश्मीरचा रस्ता धरला. छबीने शरीराचे काम हलके केले होते हे खरे. पण जेथे जेथे शरीर जाईल तेथे छबी आधीच जाऊन बसलेली असे.

४

या छबीपासून सुटका करून घेण्यासाठीही बीटल्सनी प्रसिद्धिपटाचाच आश्रय केला. १९६७ च्या जानेवारी-फेब्रुवारीत स्वीडनमधील दिग्दर्शक पीटर गोल्डमन याने ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर’ आणि ‘पेनी लेन’ या गीतांचे चित्रण केले. पहिल्याचे चित्रण केंट परगण्यातील नोल पार्क येथे झाले. एका निष्पर्ण झाडाला तारांनी जोडलेला पियानो, त्यावर ओतला जाणारा रंग, उलट्या क्रमाने धावणारी दृश्ये, दिवसातून एकदम रात्रीत होणारी संक्रमणे अशी त्याची सामग्री आहे. दोन्ही लघुपटांत कोणीही गाताना दिसत नाही. ‘पेनी लेन’ हे लिव्हरपूलमधील रस्त्याचे गीत असूनही चौघांना प्रत्यक्षात पूर्व लंडनमधील एका रस्त्यावर चालताना दाखविले आहे. लिव्हरपूलची दृश्ये त्यांच्याविना घेऊन मागाहून जोडण्यात आली.

ओठ न हलविण्याच्या या पद्धतीस संस्थात्मक पार्श्वभूमीही होती. ब्रिटनमधील वादकांच्या संघटनेने दूरचित्रवाणीवर मुद्रित गाण्याबरहुकूम गाण्या-वाजविण्याचा केवळ आविर्भाव करण्यावर निर्बंध आणविले होते. जेथे तबकडी वाजवून भागते तेथे जिवंत वादकाचे काम जाते, हे त्यामागील कारण होते. १९६७ च्या अखेरीस ‘हॅलो, गुडबाय’साठी केलेला, आविर्भावयुक्त वादनाचा प्रसिद्धिपट याच निर्बंधामुळे ब्रिटनमध्ये दाखविता आला नाही. चित्रप्रतिमेचा प्रश्न हा केवळ सौंदर्याचा नव्हता. तो श्रमाचा आणि उपजीविकेचाही होता.

पण अधिक मोलाचा पुरावा प्रेक्षकांकडून मिळतो. ११ मार्च १९६७ रोजी अमेरिकेतील ‘अमेरिकन बँडस्टँड’ या तरुणांच्या नृत्यकार्यक्रमात हे दोन्ही लघुपट दाखविण्यात आले आणि सूत्रसंचालक डिक क्लार्क याने जमलेल्या मुलामुलींना त्यांची मते विचारली. कित्येकांना ते रुचले नव्हते. आक्षेप मुख्यतः मिशांवर होता. हे लोक एकाएकी म्हातारे दिसू लागले, अशी तक्रार होती. काहींना मात्र हा बदल पटला होता. हे दृश्य वारंवार विनोदाचा विषय झाले असले तरी त्याचा अर्थ गंभीर आहे. त्या मुलांनी १९६४ मध्ये चार तरुणांतून एकाची निवड केलेली होती. ती निवड आपली आहे, आणि तीत परस्पर बदल करण्याचा अधिकार निवडलेल्या माणसालाही सहजासहजी नाही, असे त्यांच्या बोलण्यातून व्यक्त होत होते. निमूटपणे स्वीकारणारा प्रेक्षक असे बोलत नाही. प्रतिमेवर तरुण प्रेक्षक आपला हक्क सांगत होते. हा हक्क बीटल्सनी मानला नाही. परंतु त्यांनी तो नाकारला तोही आपल्याच हाताने, आपल्याच इच्छेने. म्हणूनच बहुसंख्य प्रेक्षक कुरकुरत का होईना, त्यांच्यामागून गेले. त्या वर्षाच्या जुलै महिन्यात ‘सार्जंट पेपर्स’ या ध्वनिमुद्रिकेने अमेरिकेतील विक्रीच्या यादीत प्रथम स्थान मिळविले, ही गोष्ट त्याची साक्ष आहे.

५

प्रतिमा स्वतःच्या इच्छेने बदलण्याचा हा अधिकार ज्यांना नव्हता अशा बँडचा इतिहास याच वर्षी समांतर घडत होता. ‘अ हार्ड डेज नाइट’चे यश पाहून बॉब रॅफेल्सन आणि बर्ट श्नायडर या अमेरिकन निर्मात्यांनी त्याच धर्तीची दूरचित्रवाणी-मालिका योजिली. १९६५ च्या सप्टेंबरात व्यवसायपत्रांतून जाहिरात देण्यात आली आणि ४३७ उमेदवारांतून चौघांची निवड झाली. डेव्ही जोन्स आणि मिकी डोलेन्झ हे मूळचे नट. मायकेल नेस्मिथ आणि पीटर टॉर्क यांना संगीताचा पूर्वानुभव होता. जोन्स याच्या बाबतीत एक योगायोग बोलका आहे. ९ फेब्रुवारी १९६४ च्या एड सलिव्हनच्या कार्यक्रमात बीटल्सच्या बरोबरीने ‘ऑलिव्हर!’ या संगीतिकेचा प्रवेश झाला होता आणि तीत हा मँचेस्टरचा मुलगा काम करीत होता.

‘द मंकीज’ ही मालिका १२ सप्टेंबर १९६६ पासून २५ मार्च १९६८ पर्यंत एन. बी. सी. वर चालली, तिचे ५८ भाग झाले आणि उत्कृष्ट विनोदी मालिकेचे एमी पारितोषिकही तिला मिळाले. प्रत्येक भागात धावपळीच्या, विनोदी दृश्यमालिकेवर एकदोन गाणी बसविलेली असत. मैदानातील त्या एका प्रसंगाचे येथे साप्ताहिक उत्पादन होऊ लागले. क्रम मात्र उलटला होता. बीटल्स आधी बँड होते आणि मग त्यांची प्रतिमा झाली. येथे प्रतिमा आधी तयार झाली आणि तिच्यात बसतील अशी माणसे नंतर शोधण्यात आली. संगीताची सूत्रे डॉन कर्शनर या प्रकाशकाच्या हाती होती. गीते व्यावसायिक गीतकार लिहीत, वाद्ये स्टुडिओतील वादक वाजवीत, आणि चौघांकडे बहुतांशी गायनाचेच काम असे. तबकड्या लाखांनी खपल्या.

आता चौघांसमोर पेच उभा राहिला. पडद्यावर ते धडपडणाऱ्या बँडची भूमिका करीत होते, परंतु तबकडीवर त्यांचे नाव भूमिकेचे म्हणून छापलेले नव्हते, बँडचे म्हणून छापलेले होते. डिसेंबर १९६६ पासून ते खरोखरीच्या सभांतून स्वतः वाजवू लागले. १९६७ च्या आरंभी त्यांची दुसरी मोठी ध्वनिमुद्रिका त्यांना न विचारता बाजारात आली. जानेवारीच्या अखेरीस ‘सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट’ या नियतकालिकातून नेस्मिथने, आपण ध्वनिमुद्रिकांवर वाद्ये वाजवीत नाही, हे उघडपणे सांगितले. वृत्तपत्रांतून टीकेचा भडिमार झाला. स्वतःच्या जीविकेवर घाव घालणारे हे विधान त्याने का करावे, याचा विचार केला म्हणजे अलिखित कराराचे स्वरूप उकलते. प्रेक्षक फसले जात आहेत याची बोच प्रथम प्रतिमा धारण करणाऱ्यालाच लागली. त्यानंतर लवकरच कर्शनर दूर झाला, आणि मे १९६७ मध्ये ‘हेडक्वार्टर्स’ ही ध्वनिमुद्रिका आली. तीत जवळजवळ सर्व वाद्ये चौघांनी स्वतः वाजविली होती. एक आठवडाभर ती अमेरिकेतील यादीत पहिली राहिली आणि पुढच्याच आठवड्यात ‘सार्जंट पेपर्स’ने तिला मागे टाकले.

तांत्रिक सफाईच्या दृष्टीने ‘हेडक्वार्टर्स’ आधीच्या तबकड्यांहून उणी आहे, असे म्हणता येईल. परंतु तिचे ऐतिहासिक महत्त्व त्या उणिवेतच आहे. चार तरुणांनी आपल्यासाठी शिवून ठेवलेली प्रतिमा खरी करून दाखविण्यासाठी प्रत्यक्ष वाद्ये हाती घेतली. डोलेन्झसारखा नट तर ड्रम वाजविणे शिकला. प्रतिमा माणसांना घडविते हे विधान येथे अक्षरशः खरे ठरते, मात्र व्यवसायचालकांना अभिप्रेत असलेल्या अर्थाने नव्हे. १९६८ च्या ‘हेड’ या चित्रपटात रॅफेल्सनने आणि या चौघांनी मिळून त्या प्रतिमेची निर्घृण थट्टा केली. चित्रपटाच्या शेवटी चौघे पाण्याच्या एका मोठ्या काचपेटीत बंद झालेले दिसतात आणि ती पेटी मालमोटारीवरून वाहून नेली जाते. तरुण प्रेक्षकांनी या चित्रपटाकडे पाठ फिरविली. बँडला सुटका हवी होती. प्रेक्षकांना त्यांचे जुने मित्र हवे होते.

६

या ठिकाणी पार्श्वगायनाच्या भारतीय प्रथेशी तुलना उद्बोधक ठरते. हिंदी चित्रपटात नायिकेच्या ओठांवर दुसरीचा आवाज असतो, ही गोष्ट प्रेक्षकांना पूर्णपणे ठाऊक असते आणि तीमुळे कोणाची फसवणूक झाल्याची भावना होत नाही. परंतु ही स्थितीही आपोआप आलेली नाही. १९४९ च्या ‘महल’मधील गाजलेल्या गीताच्या तबकडीवर प्रथम लता मंगेशकर यांचे नाव नव्हते, ‘कामिनी’ हे पात्राचे नाव छापलेले होते. हा आवाज कोणाचा, अशी श्रोत्यांची विचारणा सुरू झाली, आणि पुढे गायकांची नावे देण्याची पद्धत रूढ झाली. तात्पर्य, भारतीय श्रोत्यांनीही आपला करार केलाच; फक्त त्याचे कलम वेगळे होते. चेहरा आणि आवाज भिन्न असण्यास येथे हरकत नव्हती, मात्र आवाज कोणाचा हे सांगितले गेले पाहिजे, अशी अट होती. इंग्लंड-अमेरिकेतील तरुणांनी बँडकडून याहून अधिक मागितले : जे चेहरे दिसतात, त्यांचाच आवाज आणि त्यांचेच हात असावेत. दोन्हींचे मूळ एकच आहे. कल्पिताला हरकत नाही. ते कल्पित आहे हे लपविण्याला हरकत आहे.

नंतरच्या इतिहासाने या अटीची दोन टोके दाखवून दिली. १९७५ च्या नोव्हेंबरात क्वीन या बँडने ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ या गीताची चित्रफीत दिग्दर्शक ब्रूस गॉवर्स याच्याकडून सुमारे चार तासांत करून घेतली. या बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी, मूळचा फारुख बुलसारा, हा झांझिबारमध्ये जन्मलेला पारशी तरुण पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला होता आणि तेथेच त्याने आपला पहिला शालेय बँड काढला होता. या गीताच्या मधल्या, संगीतिकेसारख्या भागात थोड्या गायकांचे आवाज पुन्हा पुन्हा मुद्रित करून मोठा गायकवृंद निर्माण केलेला आहे. रंगमंचावर तो भाग सादर करणे अशक्य होते. दौऱ्यात तो येताच बँड रंगमंचावरून निघून जाई आणि ध्वनिफीत वाजे. चित्रफितीत याच भागात काळोखातील चार चेहरे कॅमेऱ्याच्या युक्तीने अनेकपट होतात. आवाज जसे गुणिले गेले तसेच चेहरेही गुणिले गेले. युक्ती प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोर होती, आवाज त्या चेहऱ्यांचेच होते, आणि म्हणून करार अभंग राहिला. याउलट मिली व्हॅनिली या जोडीला फेब्रुवारी १९९० मध्ये मिळालेले ग्रॅमी पारितोषिक त्याच वर्षी नोव्हेंबरात काढून घेण्यात आले. तबकडीवरील आवाज त्या दोघांचे नव्हतेच, हे त्यांच्या निर्मात्यानेच कबूल केले होते. अमेरिकेतील खरेदीदारांना पैसे परत मागण्याचा अधिकारही पुढे मिळाला. अलिखित कराराला तेव्हा न्यायालयाचे दार दिसले.

नेस्मिथच्या उत्तरायुष्यानेही या विवेचनाला पुष्टी मिळते. प्रतिमेच्या पेटीतून बाहेर पडण्यासाठी झगडलेला हा माणूस पुढे चित्रफितींकडेच वळला. १९८० साली त्याने अमेरिकेतील केबल-वाहिनीसाठी ‘पॉपक्लिप्स’ हा केवळ संगीत-चित्रफितींचा कार्यक्रम तयार केला, आणि एम. टी. व्ही. ची पूर्वपीठिका म्हणून त्याचा निर्देश केला जातो. चित्रफीत हे माध्यम त्याला त्याज्य वाटले नव्हते. त्याचा झगडा ते कोणाच्या हाती असावे याविषयी होता.

यावरून असे दिसते की, पॉप बँडची चित्रप्रतिमा ही तीन पक्षांच्या ओढाताणीतून निर्माण होते. चालक तिला भांडवल मानतात, वादक तिला कधी घर तर कधी तुरुंग मानतात, आणि तरुण प्रेक्षक तिला आपण दिलेल्या विश्वासाची ठेव मानतात. पहिल्या पक्षाचा हिशेब कंपन्यांच्या दप्तरांत मिळतो आणि दुसऱ्याचा वादकांच्या मुलाखतींत. तिसऱ्या पक्षाची नोंद फारच थोड्या ठिकाणी राहिली आहे, आणि म्हणून मार्च १९६७ मध्ये डिक क्लार्कच्या ध्वनिक्षेपकात मिशांविरुद्ध बोलणाऱ्या त्या मुलामुलींचे शब्द इतिहासाच्या अभ्यासकाने हसून सोडून देण्यासारखे नाहीत. त्यांना गाणे कळले नसेल. आपण कोणावर विश्वास ठेवला होता, हे मात्र त्यांना नेमके ठाऊक होते.